पोर्सेलीन टिकते, पुरावा टिकत नाही

युरोपीय कलावस्तूंच्या लिलावयाद्या सलग वाचणाऱ्याला एक वर्णन लवकरच पाठ होते: ‘व्हिएन्ना, हस्तचित्रित पोर्सेलीनची शोभेची बशी, पौराणिक प्रसंग, कॉफमन अशी सही, एकोणिसावे शतक’. बशी देखणी असते. मधल्या वर्तुळात तलम वस्त्रांतल्या दोन-तीन स्त्रिया आणि एखादा पंखवाला बालक, भोवती गर्द किरमिजी किंवा निळा काठ, काठावर सोन्याची दाट वेलबुट्टी आणि बशी पालथी केल्यावर तळाशी निळ्या रेषांची छोटी ढाल. यादीतल्या त्या एका ओळीत खरे तर चार स्वतंत्र विधाने आहेत: वस्तू कुठे झाली, कशी रंगवली गेली, कोणाच्या हातची आहे आणि कोणत्या काळातली आहे. चौथे विधान बहुधा खरे असते. पहिली तीन मात्र अशा बश्यांच्या फार मोठ्या भागाबाबत एकतर अर्धवट खरी असतात किंवा सरळ चूक.

अँजेलिका कॉफमन ही चित्रकर्ती १८०७ मध्ये रोममध्ये वारली. तिच्या नावाच्या बहुतेक बश्या त्यानंतर सत्तर ते शंभर वर्षांनी झाल्या. तिच्या चित्रांवरून निघालेल्या कोरीव छापचित्रांच्या आधारे, किंवा तिच्या शैलीतल्या म्हणून खपतील अशा रचनांवरून, त्यांवरचे प्रसंग घेतले गेले, आणि सही पुष्कळदा चित्राबरोबरच छापून आली. ज्या कारखान्याची ती ढाल, तो व्हिएन्नाचा शाही कारखाना १८६४ मध्ये बंद झाला होता. ढाल पुढे बोहेमियात वापरली गेली, जर्मनीत वापरली गेली, आणि ती उलटी धरली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते म्हणून इंग्रजी बाजारात तिला ‘पोळ्याची खूण’ असे भलतेच नाव मिळाले. ‘हस्तचित्रित’ म्हणायचे तर हात लागलेला असे, पण तो बऱ्याचदा छापलेल्या आकृतीत रंग भरण्यापुरता.

यात लबाडी होतीच. पण लबाडी हे या प्रकाराचे पुरेसे स्पष्टीकरण नाही. एकट्या लबाडीने एवढा मोठा गोंधळ इतका दीर्घकाळ टिकत नाही, कारण बाजारातले जाणकार ती ओळखतात आणि किंमत पाडतात. इथे जे घडले ते वेगळ्या प्रकारचे होते. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी, आपल्या जागी समजण्याजोग्या कारणासाठी, बशीच्या निर्मितीतला एक दुवा दुसऱ्यापासून सोडवला: आधी माती रंगकामापासून, मग चित्र हातापासून, मग चिन्ह कारखान्यापासून. ही सुटी होण्याची प्रक्रिया एकोणिसाव्या शतकाबरोबर संपलेली नाही. ती आता शेवटच्या दुव्याशी, म्हणजे रंगवणे आणि रंगकाम ओळखणे यांच्यातल्या संबंधाशी, येऊन पोचली आहे, आणि तो तुटला तर आजवर दुरुस्त करता येण्याजोग्या चुका कायमच्या होतील, अशी माझी साधार भीती आहे.

ती समजण्यासाठी मुळात हे रंगकाम काय होते ते पाहिले पाहिजे. झिलई चढवून सुमारे १४०० अंश सेल्सियसला भाजलेले कठीण पोर्सेलीन हा रंग शोषून घेणारा पृष्ठभाग नव्हे. कागद ओलावा पितो, गिलावा रंग धरतो. ही झिलई मात्र काच आहे आणि तिच्यावर काहीच मुरत नाही. म्हणून चित्रकाराचा रंग हाही काचेचाच असावा लागतो: धातूची भस्मे (तांबड्यासाठी लोह, निळ्यासाठी कोबाल्ट, गुलाबी-जांभळ्यासाठी सोने आणि कथील) शिसेयुक्त, लवकर वितळणाऱ्या काचेच्या पुडीबरोबर घोटायची, टर्पेंटाइन किंवा लॅव्हेंडरच्या तेलात कालवायची, कुंचल्याने लावायची आणि बशी पुन्हा एका लहान, ज्वाळांपासून बंदिस्त असलेल्या भट्टीत ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान भाजायची, म्हणजे रंग वितळून झिलईला सांधला जातो.

यातली खरी अडचण अशी की चित्रकार जे रंगवतो ते त्याला रंगवताना दिसत नाही. सोन्याचा गुलाबी भाजण्यापूर्वी मळकट असतो. लोहाचा तांबडा पुन:पुन्हा भट्टीत गेला तर फिका पडत जातो, काही रंग शेजारच्या रंगाला खातात, काही जाड लागले तर पापुद्र्यासारखे सुटतात. जास्त उष्णता मागणारे रंग आधी, नाजूक रंग नंतर आणि सोने शेवटी, असा क्रम ठेवावा लागतो, म्हणजे गालावरची लाली किंवा आकाशातली संध्याकाळ तीन-चार भाजणींत वाटून द्यावी लागते. कच्चा रंग पुसता येतो, भाजलेला येत नाही. त्यामुळे चूक भट्टीपूर्वी ओळखावी लागते, तीही अशा रंगांत जे अजून आपले खरे रूप दाखवत नाहीत. कारखान्यांतून नमुन्याच्या पट्ट्या असत, ज्यांवर प्रत्येक रंग भाजून दाखवलेला असे. पण पट्टी फक्त सुटा रंग दाखवते, दोन रंगांचा शेजार किंवा तिसऱ्या भाजणीनंतरचा परिणाम दाखवत नाही. ते ज्ञान हातात आणि स्मृतीत राहत असे, आणि ते सर्वसाधारण ज्ञानही नव्हते: त्या कारखान्याची झिलई, त्या प्रयोगशाळेचे रंग आणि त्या भट्टीचा स्वभाव यांच्याशी ते बांधलेले होते.

म्हणूनच या कलेचे मोठे काळ हे जिथे रसायनज्ञ आणि चित्रकार एका छपराखाली होते तिथले काळ आहेत. जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यात १७२० मध्ये आलेल्या चित्रकार हेरोल्टने रंगांचा संच आणि चित्रशाळा एकत्रच उभी केली. व्हिएन्नाला १७८४ ते १८०५ या झॉर्गेन्थालच्या कारकिर्दीत लाइथनरचे नवे रंग आणि उठावाचे सोनेकाम ही प्रयोगशाळेची कामगिरी होती, ज्यावर चित्रकारांची कीर्ती उभी राहिली. फ्रान्समधल्या सेव्हरच्या कारखान्यात १८०० ते १८४७ अशी सत्तेचाळीस वर्षे संचालक राहिलेला आलेक्सांद्र ब्रोन्यार हा स्वतः भूवैज्ञानिक होता. पोरवयात उमेदवारीला लागलेला मुलगा आधी वर्षानुवर्षे रेखाटन घटवत असे, मग काठ आणि फुले, आणि मानवाकृती फार थोड्यांच्या वाट्याला येत. एवढी लांबलचक साखळी सांभाळणे बाजारभावात बसणारे नव्हते. ती राजसत्तेच्या पैशावर चालली, कारण राजसत्तेला भेटी द्यायच्या असत. नेपोलियनच्या इजिप्त स्वारीवेळी द्नोंने केलेल्या रेखाटनांवरून सेव्हरने रंगवलेला भोजनसंच जोसेफिनसाठी बनला, तिने तो १८१२ मध्ये नाकारला, आणि १८१८ मध्ये अठराव्या लुईने तो नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनला दिला. लंडनच्या अॅप्स्ली हाउसमध्ये तो आजही आहे. त्या बश्यांत कुणी मिठाई खाल्ली की नाही हा प्रश्न गौण आहे. राजनैतिक कागदपत्रांना जो दर्जा असतो तो या बश्यांना होता, आणि खर्चाचे समर्थनही त्याच खात्यातून होत असे.

ब्रोन्यारची आणखी एक धारणा इथे लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढच्या युक्तिवादाचा ती कणा आहे. तैलचित्रे काळवंडतात, तडकतात, वार्निशाखाली पिवळी पडतात; पोर्सेलीनवर भाजलेले चित्र मात्र जसेच्या तसे राहते. म्हणून थोर चित्रांच्या प्रतिकृती पोर्सेलीनवर करून ठेवल्या तर भावी पिढ्यांना रंगांची खरी नोंद मिळेल, असे त्याला वाटे. मारी-व्हिक्त्वार जाकोतो हिने राफाएलच्या चित्रांच्या ज्या प्रतिकृती पोर्सेलीनवर केल्या, त्यांना तत्कालीन फ्रान्समध्ये मोठा मान आणि मोठा मोबदला मिळाला तो याच समजुतीने. समजूत पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने बरोबर होती. वस्तू न बदलण्याची एक किंमत असते आणि ती इतिहासकाराला मोजावी लागते, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

गमतीची बाब अशी की पहिला दुवा याच ब्रोन्यारने सोडवला. १८०० मध्ये कारखाना हाती आला तेव्हा सेव्हरची तिजोरी रिकामी होती आणि कोठारांत जुन्या मृदू पोर्सेलीनचा, पांढरा आणि बराचसा सदोष, माल पडून होता. त्याने तो विकून टाकला, आणि १८०४ च्या सुमारास मृदू पोर्सेलीनचे उत्पादनही बंद केले. डबघाईला आलेल्या संस्थेचा शहाणा व्यवस्थापक हेच करील. परंतु तो कोरा माल व्यापाऱ्यांनी घेतला, बाहेरच्या रंगाऱ्यांकडून अठराव्या शतकाच्या थाटात रंगवून घेतला, आणि जुन्या सेव्हरचे वेड असलेल्या, विशेषतः इंग्रज, ग्राहकांना विकला. माती अस्सल, कारखाना अस्सल, कधीकधी चिन्हही अस्सल. फक्त चित्र दुसरीकडचे आणि पाव-अर्ध्या शतकाने नंतरचे. अशा बशीला खोटी म्हणावे तर ती पूर्ण खोटी नाही, आणि अभ्यासकाला यासारखी अडचणीची दुसरी वस्तू नाही.

हीच रीत पुढे शतकभर पसरत गेली. माइसेन सदोष किंवा कोरा विकलेला माल ओळखता यावा म्हणून आपल्या आडव्या-तिरप्या तलवारींच्या चिन्हावर चरे मारत असे. चरे खरेदीदाराला कळतीलच असे नव्हते, आणि कळूनही तो दुर्लक्ष करण्यास मोकळा होता. बर्लिनचा शाही कारखाना चित्रांसाठीचे पोर्सेलीनचे कोरे फलक बाहेरच्या चित्रकारांना विकत असे. व्हिएन्ना बंद झाल्यावर उरलेला कोरा माल विकला गेला आणि तिथले कारागीर स्वतंत्रपणे काम शोधू लागले, म्हणजे अस्सल व्हिएन्ना बशी आणि अस्सल व्हिएन्ना चित्रकार हे दोघेही, कारखान्याशिवाय, पुन्हा एकमेकांना भेटू शकत होते. १८४२ पासून लिमोजमध्ये असलेले अमेरिकन हॅव्हिलंड घराणे अटलांटिकपार माल पाठवत होते. लिमोजच्या कोऱ्या बश्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या घराघरांत आणि हौशी वर्गांत रंगवल्या जात. इंग्लंडमध्ये मिंटनने १८७१ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन भागात चित्रशाळा काढली, जिथे अनेक स्त्रियांना या कामाचे शिक्षण मिळाले. ती १८७५ मध्ये आगीत गेली. सिनसिनाटीच्या मेरी लुईझ मक्लॉफ्लिनचे या विषयावरील पुस्तक १८७७ मध्ये आले. या हौशी चळवळीकडे नाक मुरडणारे तेव्हाही होते. मला मात्र ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत प्रामाणिक बाजू वाटते, कारण तिने कोऱ्या मालावर बहुतेक वेळा स्वतःचेच नाव लिहिले. कारखान्यांत स्त्रियांना कमी मजुरीवर काठ आणि भरणीची कामे मिळत असताना कित्येकींना स्वतःच्या नावाने काम करण्याची वाट तिने दिली, हेही विसरता येत नाही.

दुसरा दुवा यंत्राने सुटला, पण तोही एका घावात नव्हे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आकृती पातळ कागदावर घेऊन भांड्यावर उतरवण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये होती. ती एकरंगी होती आणि तिने कुणाला फसवले नाही. फरक पडला तो १८७० नंतर, रंगीत शिळाछाप भांड्यांसाठी वापरात आली तेव्हा. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, कागदावर चिकट वार्निशाचा छाप, त्यावर भांड्याच्या रंगाची पूड, आणि तयार चित्र भाजलेल्या झिलईवर उतरवून पुन्हा भट्टीत. आपल्याकडे रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेला तो जर्मनीहून आणलेल्या याच तंत्राच्या बळावर. पण लक्ष्मी-सरस्वतीचे छापील चित्र कुणी मूळ तैलचित्र समजून घेतले नाही, त्याची किंमतच ते सांगत होती. बशीच्या बाबतीत किंमत काहीच सांगत नव्हती, कारण छापावर थोडा हात फिरवला की ती हातच्या कामाच्या भावाजवळ जात असे: ओठांवर एक ठिपका, केसांवर दोन उजळ रेषा, वस्त्राच्या चुणीत थोडा गडद रंग. भिंगाखाली छापाचे ठिपके दिसतात. दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेल्या बशीला भिंग कुणी लावत नाही.

सोन्याचेही तेच झाले. माइसेनच्या क्यूनने १८२७ च्या सुमारास चकाकणाऱ्या द्रवसोन्याची कृती शोधली. आधीचे सोने भट्टीतून निस्तेज बाहेर येत असे आणि अकीक दगडाने घासून त्याला झळाळी आणावी लागे; नवे सोने भट्टीतूनच चमकत बाहेर पडे. घासणाऱ्यांचे श्रम वाचले, थर पातळ झाला, आणि तो वापराने झिजू लागला. इथेही निर्णय अविवेकी नव्हता. मध्यमवर्गाला सोनेरी काठाची बशी परवडू लागली ती यामुळेच, आणि ती परवडू नये असे म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही.

तिसरा दुवा, चिन्ह आणि कारखाना यांचा, कायद्याने जपला जाईल अशी अपेक्षा होती. जर्मन साम्राज्याचा व्यापारचिन्हांचा कायदा १८७४ चा आहे. ड्रेस्डेनमधल्या हेलेना वोल्फसोन यांच्या रंगशाळेने राजा ऑगस्टसच्या आद्याक्षरांचे जुने चिन्ह वापरले तेव्हा माइसेनने न्यायालयात जाऊन ते थांबवले. ड्रेस्डेनच्या चार सजावटकारांनी १८८३ मध्ये मुकुट आणि खाली ‘ड्रेस्डेन’ असे चिन्ह नोंदवले. ते कायदेशीर होते, आणि इंग्रजी बोलणारे ग्राहक माइसेनच्या पोर्सेलीनलाच ड्रेस्डेन म्हणत असल्यामुळे तितकेच संदिग्धही. व्हिएन्नाच्या ढालीचे रक्षण करणारा तर कारखानाच उरला नव्हता. यातून मिळणारा धडा मर्यादित पण नेमका आहे: कायदा चिन्हाच्या मालकाचे रक्षण करतो, चिन्हाच्या अर्थाचे नव्हे, आणि मालक नसलेले चिन्ह सर्वांचे होते. त्यामानाने एका अगदी रुक्ष कायद्याने इतिहासकारांचे अधिक भले केले. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून ‘जर्मनी’ किंवा ‘ऑस्ट्रिया’ असे लिहिलेली बशी बहुधा १८९१ नंतरची, एवढे तरी सांगता येते.

आता ब्रोन्यारच्या धारणेकडे परत जायला हवे. कलेच्या बहुतेक क्षेत्रांत चुकीचे कर्तृत्व कालांतराने दुरुस्त होते, कारण वस्तू म्हातारी होते. कापडाचे धागे, लाकडातली कीड, तैलरंगातल्या भेगा, कागदाचा पिवळेपणा हे सारे काळाचे साक्षीदार आहेत, आणि ते बनावट करणे कठीण असते. पोर्सेलीन म्हातारे होत नाही. १८१० ची आणि १८९० ची बशी शेजारी ठेवली तर झिलईवरचे बारीक ओरखडे आणि पायाच्या कडेची झीज सोडल्यास काळाने दोघींवर काहीच लिहिलेले नसते, आणि शोभेची बशी तर ओरखडे पडण्याइतकीही वापरलेली नसते. ज्या गुणासाठी चित्रे पोर्सेलीनवर घ्यावीत असे ब्रोन्यारला वाटे, त्याच गुणाने वस्तूची स्वतःची साक्ष पुसली आहे.

प्रयोगशाळा मदत करते, पण एका हद्दीपर्यंत. क्ष-किरण प्रतिदीप्तीने रंगातली मूलद्रव्ये कळतात. क्रोमियम हे मूलद्रव्यच १७९७ मध्ये सापडले आणि त्याचा हिरवा त्यानंतर भांड्यांवर आला; म्हणून १७६० ची म्हणवणाऱ्या सेव्हर बशीच्या हिरव्या पानांत क्रोमियम निघाले तर ते रंगकाम नंतरचे, हा निष्कर्ष पक्का असतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आतच कालनिर्णय करायचा असेल, किंवा एकाच रंगपुरवठादाराचे रंग वापरणाऱ्या दोन रंगशाळा वेगळ्या करायच्या असतील, तर ही पद्धत फारसे काही सांगत नाही. आणि मूलद्रव्यांना हात नसतो, त्यामुळे चेहरा कुणी रंगवला हे तर ती सांगूच शकत नाही. व्हिएन्नाच्या बश्यांवर १७८० च्या दशकापासून दाबून उमटवलेले वर्षाचे आकडे आणि चित्रकारांचे क्रमांक असत. ते कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहता येतात, परंतु आकडा मातीचे वर्ष सांगतो, चित्राचे नव्हे, आणि कोऱ्या मालाच्या प्रश्नापाशी आपण पुन्हा येतो.

उरतो तो जाणकार. कुंचल्याचा ओघ, त्वचेच्या छटा कोणत्या क्रमाने चढवल्या, दुसऱ्या भाजणीनंतर कुठे हात फिरवला, सोन्याखाली उठाव कसा दिला, यांवरून तो कारखाना आणि कधीकधी व्यक्ती सांगतो. हे ज्ञान पुस्तकी वाटते, कारण ते पुस्तकांत छापले जाते. पण त्याचा उगम रंगवणाऱ्यांच्या ज्ञानात आहे. लोहाचा तांबडा फिका का पडला हे ज्याने स्वतः तो फिका पाडला आहे त्याला एका नजरेत कळते, आणि संग्रहालयातल्या अभ्यासकांनी ते बहुधा अशाच कुणाकडून उचललेले असते. रंगवणारे कमी झाले की ओळखणारे लगेच कमी होत नाहीत; सुमारे एका पिढीने होतात, आणि या विलंबामुळेच धोका आहे त्यापेक्षा दूरचा वाटतो.

रंगवणारे कमी होत आहेत याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. इंग्लंडमधल्या वूस्टरला १७५१ पासून पोर्सेलीन बनत होते आणि तिथल्या फळे-फुले रंगवणाऱ्या चित्रकारांची परंपरा विसाव्या शतकातही जिवंत होती. २००८ च्या नोव्हेंबरात रॉयल वूस्टर आणि स्पोड यांची कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने दोन्ही नावे विकत घेतली, आणि वूस्टरमधले उत्पादन या काळात संपले. नावाचा माल आजही मिळतो. युरोपीय समुदायाने १९८४ मध्ये अन्नाच्या भांड्यांतून सुटणाऱ्या शिसे आणि कॅडमियमवर मर्यादा घातली. आरोग्याच्या दृष्टीने ती सर्वथा योग्य होती, पण शिशाच्या काचेवर बेतलेल्या जुन्या रंगांचे वर्तन ज्यांना ठाऊक होते त्यांच्या ज्ञानाचा वापर त्यामुळे आकसला. एकोणिसाव्या शतकातल्या शोभेच्या पोर्सेलीनची मागणी गेल्या दोन-अडीच दशकांत घटली, भाव उतरले, आणि ज्या बशीतून फारसे काही मिळणार नाही तिच्यावर अर्धा दिवस घालवून वर्णन लिहिणे लिलावसंस्थेला परवडेनासे झाले. मग जुन्या यादीतले वर्णन नव्या यादीत उतरते. त्या याद्या आता संगणकावर शोधता येतात, त्यांवरून किमतीचे अंदाज निघतात, चित्र दाखवून वस्तू ओळखणाऱ्या प्रणाली त्यांवर शिकतात. आणि हजार ठिकाणी उतरवलेली चूक ही हजार स्वतंत्र साक्षींसारखी दिसू लागते. बोटाने चाचपून रंगाचा उठाव पाहण्याची जुनी कसोटीही निकामी झाली आहे, कारण जाळीछपाईचे विसाव्या शतकातले ठसे जाड थर देतात, आणि आता तर भट्टीत टिकणाऱ्या रंगांची संगणकीय छपाईही आली आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. खंडित परंपरा पुन्हा उभ्या राहिल्याची उदाहरणे आहेत. कोपनहेगनच्या कारखान्याने १७९० मध्ये सुरू केलेला, डेन्मार्कमधल्या वनस्पती रंगवलेला ‘फ्लोरा दानिका’ संच १८०२ मध्ये थांबवला. १८६३ मध्ये राजकन्या अलेक्झांड्राच्या लग्नानिमित्त तो पुन्हा रंगवायला घेतला गेला आणि पुढेही होत राहिला. व्हिएन्नात १९२३ मध्ये ऑगार्टेन महालात नवा कारखाना निघाला, ज्याने जुन्या ढालीचाच वारसा सांगितला. सेव्हर तर सरकारी संस्था म्हणून अखंड चालू आहे. आक्षेप खरा आहे, पण ही उदाहरणे नीट पाहिली तर ती माझ्या भीतीला सीमा घालतात, तिचे निराकरण करत नाहीत. कोपनहेगनला थांबला होता तो एक नमुना. कारखाना, भट्टी, रंग आणि रंगवणारे हात ती साठ वर्षे दुसऱ्या कामात चालूच होते. ऑगार्टेनला मधल्या एकोणसाठ वर्षांत जुन्या कारखान्याचे नमुने आणि कागदपत्रे व्हिएन्नाच्या कलाउद्योग संग्रहालयाने जपली होती, आणि मध्य युरोपात इतरत्र या कामात तयार झालेली माणसे उपलब्ध होती. म्हणजे परंपरा एका ठिकाणी तुटली तरी शेजारून पुन्हा रुजवता येते, या अटीवर की शेजार जिवंत असावा. आजची स्थिती वेगळी आहे ती एवढ्याच बाबतीत: अशा शेजाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे आणि ती एकाच वेळी, सारख्याच कारणांनी, घटते आहे.

त्यामुळे संभाव्य परिणाम बश्या नष्ट होण्याचा नाही. बश्या राहतील. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत होण्याची शक्यता आहे ती अशी की ज्या संग्रहांची शास्त्रशुद्ध सूची झालेली नाही त्यांतल्या वस्तूंचे आजचे वर्णन गोठेल, मग ते बरोबर असो की चूक, कारण ते तपासण्याची पात्रता असलेला माणूस मिळणार नाही किंवा परवडणार नाही. मोठ्या राजसंग्रहांना आणि कारखान्यांच्या स्वतःच्या संग्रहालयांना ही झळ कमी लागेल, त्यांच्याजवळ कागद आहेत. झळ लागेल ती खरेदीने जमलेल्या संग्रहांना. भारतातले युरोपीय पोर्सेलीन बहुतांशी याच वर्गातले आहे. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेल्या युरोपीय कलावस्तू, संस्थानिकांच्या वाड्यांतली कपाटे, आणि पारशी व गुजराती व्यापारी घराण्यांतून निघून आज चोरबाजारापर्यंत पोचणारा सुटा माल, यांची बरीचशी खरेदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात झाली. कोरा माल, शिळाछाप आणि मोकाट चिन्हे या तिन्हींचा सुकाळ नेमका तोच. याचा अर्थ या वस्तू संशयास्पद आहेत असा मुळीच नाही. पालथ्या बशीवरचे चिन्ह वाचून लिहिलेली नोंद या काळासाठी पुरेशी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुरेशी नोंद कशी असेल हे सांगता येते. ‘व्हिएन्ना’ या एका शब्दाऐवजी माती कुठली, रंगकाम कुठले आणि चिन्ह कुठले ही तीन वेगळी खाती असावीत, आणि जिथे माहिती नाही तिथे खाते रिकामे ठेवण्याची मुभा असावी. चित्रण, छाप, छापावरचे चित्रण, यांतले काय आहे ते भिंगातून घेतलेल्या छायाचित्रासह नोंदलेले असावे. चेहरा, हात आणि सोन्याचा काठ या तीन जागा घेतल्या तरी बराच निर्णय लागतो. त्या छायाचित्रांचा अर्थ लावायला सेव्हर किंवा माइसेनसारख्या ठिकाणी काम केलेला, निवृत्त का होईना, चित्रकार काही आठवडे बोलावता यावा. यातले छायाचित्रण उद्याही करता येईल आणि वीस वर्षांनीही. चित्रकार बोलावण्याचे काम तसे नाही, आणि संग्रहालयांच्या अंदाजपत्रकांत सध्या नेमकी उलटी क्रमवारी दिसते: छायाचित्रे काढून संकेतस्थळावर चढवण्यासाठी निधी मिळतो, त्यांखाली काय लिहायचे ते ठरवणाऱ्यासाठी मिळत नाही.